मुळांना हवा हवी

सह्याद्रीत आंब्या-जांभळाच्या फांद्यांवर वाढणारी सीतेची वेणी ही ऑर्किड चार महिने मुसळधार पाऊस झेलते, पण कुजत नाही. तिचीच भावंडं घरच्या कुंडीत मात्र रोजच्या तांब्याभर पाण्याने दगावतात. असं का, याचं उत्तर ऑर्किडच्या मुळांत आहे.

बाजारात मिळणारी फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम ही बहुतेक अपिवनस्पतींची संकरित वाणं. या वनस्पती फांदीचा फक्त आधार घेतात, बांडगुळासारखा झाडाचा रस शोषत नाहीत. त्यांची मुळं उघड्यावर असतात आणि त्यांच्यावर मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात. पाऊस आला की ते क्षणात पाणी टिपतं. पाऊस थांबला की वाऱ्याने सुकतं. कोरड्या पेशींत हवा भरलेली असल्याने मूळ रुपेरी दिसतं. त्यावर पाणी ओता, बघता बघता ते हिरवं होईल, कारण भिजलेल्या आवरणातून आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. मुळं रुपेरी झाली की पाणी द्यायचं, हिरवी असली तर थांबायचं. वेळापत्रकापेक्षा हा रंग जास्त भरवशाचा.

म्हणून अशा ऑर्किडला हवा कोंडणारी माती नको. कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं पुरतात. सोडणं ओल धरतात, तेव्हा कोकणात ती कमी आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात जास्त घालावीत. पाणी सकाळी द्यावं. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात ते साचलं तर शेंडा सडतो. तिला पूर्वेच्या खिडकीतलं कोवळं ऊन मानवतं, डेंड्रोबियमला त्याहून जास्त उजेड लागतो. फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा येण्यासाठी गारवा हवा, त्यामुळे थंडीत तिला बंद खोलीत कोंडू नये.

ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि त्यात अन्नाचा साठा जवळपास नसतो. निसर्गात ते विशिष्ट बुरशीच्या मदतीनेच रुजतं, हे फ्रान्सच्या नोएल बर्नार्डने 1899 साली ओळखलं. बुरशीऐवजी साखर देऊन बी बाटलीत रुजवता येतं, हे अमेरिकेच्या लुइस नडसनने 1922 साली दाखवलं. आज प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं सहज मिळतात ती त्याच वाटेने.

जंगलात मात्र रुजलेल्या बीला फूल येईपर्यंत कित्येक वर्षं जातात. घाटात फांदीवर फुललेली आमरी, म्हणजे ऑर्किड, दिसली तर फोटो काढा, पण ती ओरबाडू नका. रोप रोपवाटिकेतूनच घ्या.