संगणकाचा ड्रायव्हर आणि घराचा पडदा

लॅपटॉप किंवा संगणक आता आपल्या घरांत चैनीची वस्तू राहिलेला नाही. मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचा अर्ज, हजचा ऑनलाइन फॉर्म, बँकेचे व्यवहार, आखातात नोकरीला असलेल्या भावाशी व्हिडिओ कॉल, मुलीसाठी आलेल्या स्थळांचे बायोडाटा, हे सारे त्या एकाच यंत्रावर होते. कपाटाला आपण कुलूप लावतो, तसा या यंत्राला पासवर्ड लावतो आणि निर्धास्त होतो. पण तो पासवर्ड टाइप करताना कीबोर्डवरची अक्षरे आत पोहोचवणारा जो मधला नोकर आहे, त्यानेच ती कुठे लिहून ठेवली तर?

या मधल्या नोकराला ड्रायव्हर म्हणतात. या महिन्यात आम्ही त्याच्याविषयी लिहीत आहोत, कारण तो जवळजवळ प्रत्येक घरात आहे आणि त्याची ओळख फार थोड्यांना आहे.

ड्रायव्हर करतो काय?

संगणकाला कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, कॅमेरा, स्पीकर असे अनेक भाग जोडलेले असतात. प्रत्येक भाग वेगळ्या कंपनीचा असतो. विंडोजसारख्या मुख्य प्रणालीला या प्रत्येकाची भाषा येत नाही. म्हणून भाग बनवणारी कंपनी सोबत एक छोटा प्रोग्राम देते. तो दुभाष्याचे काम करतो. हाच ड्रायव्हर. तो नसेल तर प्रिंटर छापणार नाही आणि स्पीकर बोलणार नाही.

हे काम करण्यासाठी त्याला संगणकाच्या अगदी आतल्या खोलीपर्यंत जावे लागते. साध्या प्रोग्रामला जिथे मज्जाव असतो तिथेही अनेक ड्रायव्हरना मुभा असते. शिवाय आजकाल ड्रायव्हर एकटा येत नाही. त्याच्यासोबत कंपनीचे आणखी दोन-चार प्रोग्राम येतात. त्यांतले काही आपण यंत्र कसे वापरतो याची माहिती जमवून इंटरनेटवरून कंपनीकडे पाठवतात. तांत्रिक भाषेत याला टेलिमेट्री म्हणतात. यंत्र कुठे बंद पडले, कोणता दोष वारंवार येतो, हे कळावे म्हणून ही माहिती हवी असते असे कंपन्या सांगतात. त्यात तथ्यही आहे. प्रश्न एवढाच, की ही माहिती घेताना आपल्याला विचारले का?

घडलेल्या तीन गोष्टी

मे २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील मॉडझीरो या संगणक-सुरक्षा संस्थेने एक गोष्ट उघडकीस आणली. एचपी कंपनीच्या दोन डझनांहून अधिक लॅपटॉप मॉडेलमध्ये कोनेक्सन्ट कंपनीचा आवाजाचा ड्रायव्हर होता. माइक बंद-चालू करण्याचे बटण दाबले की नाही, एवढेच त्याला पाहायचे होते. त्यासाठी तो कीबोर्डचे प्रत्येक बटण पाहत होता आणि दाबलेली सगळी बटणे एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवत होता. त्यात पासवर्डही आले आणि खाजगी पत्रेही. त्या संगणकावर काम करणाऱ्या कोणालाही ती फाइल उघडता येत होती. दर वेळी लॉगिन केल्यावर ती नव्याने सुरू होई, पण कोणी संगणकाचा बॅकअप घेत असेल तर जुन्या नोंदी तिथे राहून जात. ग्राहकांची माहिती आपल्यापर्यंत आलेली नाही, असे एचपीने सांगितले आणि दुरुस्ती दिली.

त्याच वर्षी डिसेंबरात एचपीच्याच लॅपटॉपमधील सिनॅप्टिक्सच्या टचपॅड ड्रायव्हरमध्ये बटणे नोंदवणारा भाग सापडला. तो बंद अवस्थेत होता आणि चाचणीसाठी ठेवला होता, असा खुलासा झाला. पण संगणकाचा ताबा मिळवलेल्या माणसाला तो सुरू करता आला असता. ४६० हून अधिक मॉडेलसाठी दुरुस्ती द्यावी लागली.

तिसरी गोष्ट फेब्रुवारी २०२० ची. चित्रे आणि डिझाइन काढणारे वॅकॉम या जपानी कंपनीची डिजिटल पाटी वापरतात. रॉबर्ट हीटन या प्रोग्रामरने तपासले तेव्हा दिसले, की पाटीचा ड्रायव्हर संगणकावर उघडलेल्या प्रत्येक प्रोग्रामचे नाव आणि वेळ गूगल ॲनालिटिक्सकडे पाठवत आहे. पाटीचे काम पेनाची हालचाल टिपण्याचे. घरात कोण काय उघडतो, याच्याशी तिचा काय संबंध? ही माहिती नाव काढून एकत्रित घेतली जाते आणि ती बंद करण्याची सोय आहे, असे कंपनीने सांगितले. सोय होती हे खरे. पण ती आधी चालू होती, आणि बंद कुठे करायची हे ग्राहकाने शोधायचे होते.

नुसत्या प्रोग्रामच्या नावाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. नावावरूनही पुष्कळ कळते. कोण आजारपणाची नोंद ठेवतो, कोण दुसरी नोकरी शोधतो, कोण नमाजच्या वेळा पाहतो, हे त्यातून समजते. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मदरबोर्ड या वृत्तसंस्थळाने दाखवून दिले, की मुस्लिम प्रो या नमाजच्या वेळा आणि किब्ला सांगणाऱ्या मोबाइल ॲपमधून लोकांच्या ठिकाणांची माहिती एक्स-मोड या कंपनीकडे जात होती, आणि एक्स-मोडच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बातमी आल्यावर मुस्लिम प्रोने ते संबंध तोडले. हा प्रकार ड्रायव्हरचा नव्हे, मोबाइल ॲपचा आहे. पण एका कामासाठी दिलेली माहिती किती हातांतून कुठे पोहोचते, हे त्यातून कळते.

“आम्हाला लपवण्यासारखे काय आहे?”

हा विषय काढला की घरोघरी हेच उत्तर मिळते. आम्ही कुठे चोरी करतो? पाहू दे कोणाला पाहायचे ते. हे उत्तर निरागस आहे, पण आपल्या दीनची शिकवण तशी नाही.

सूरह नूरच्या ५८ व्या आयतीत घरातल्या घरात परवानगी घेण्याच्या तीन वेळा सांगितल्या आहेत. फजरच्या आधी, दुपारी कपडे सैल करून विसावा घेताना आणि इशानंतर. या वेळी घरचे नोकरचाकर आणि वयात न आलेली मुलेसुद्धा विचारल्याशिवाय खोलीत येणार नाहीत. या तीन वेळांत माणूस कोणता गुन्हा करत असतो? कोणताच नाही. तो झोपतो, कपडे बदलतो, आपल्या माणसांजवळ असतो. तरीही त्याला पडदा दिला आहे. म्हणजे खाजगीपण हे पाप झाकण्यासाठी नाही, ते माणसाच्या इज्जतीसाठी आहे. निर्दोष माणसालाही त्याची गरज असते.

त्याच सूरहच्या २७ आणि २८ व्या आयतींत दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घेण्याची आणि सलाम करण्याची आज्ञा आहे. ‘परत जा’ असे सांगितले तर परत जाण्याचीही आहे. आज अनेक प्रोग्राम आपल्याला ‘नाही’ म्हणण्याची जागाच ठेवत नाहीत. ‘मान्य’ दाबा, नाहीतर पुढे जाता येणार नाही.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक किस्सा सांगितला जातो. खिलाफतीच्या काळात ते रात्री मदिनेत गस्त घालत होते. एका घरातून संशयास्पद आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत उतरले. आतला माणूस दोषी होताच. पण तो म्हणाला, माझ्या हातून एक चूक झाली, आपल्या हातून तीन झाल्या. अल्लाहने टोह घेण्यास मनाई केली आहे, आपण टोह घेतली. घरात दारातून येण्यास सांगितले आहे, आपण भिंतीवरून आलात. परवानगी आणि सलामाशिवाय शिरू नका असे सांगितले आहे, आपण तसेच शिरलात. खलिफांनी ते ऐकून घेतले आणि ते निघून गेले.

मोजमाप हेच आहे. समोरचा दोषी असूनही भिंतीवरून येणे चुकीचे ठरले. मग स्पीकरचा आवाज यावा म्हणून बसवलेल्या ड्रायव्हरने पासवर्ड लिहून ठेवणे कसे योग्य ठरेल?

बदगुमानीही नको

ज्या आयतीत टोह घेण्यास मनाई आहे, त्या सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीची सुरुवात मात्र फार संशय घेऊ नका या आदेशाने होते. म्हणून प्रत्येक कंपनी आपल्यावर पाळत ठेवते असे व्हॉट्सॲपवर पसरवणे हेही चूकच. वर दिलेल्या एचपीच्या प्रकरणांत माहिती चोरल्याचे सिद्ध झाले नव्हते. निष्काळजीपणा मात्र उघड होता. जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोलावे आणि तेवढ्यावर सावध राहावे.

बोलल्याचा उपयोगही होतो. ग्राफिक कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१६ मध्ये आपल्या जीफोर्स एक्स्पिरियन्स या प्रोग्रामसाठी खाते उघडून लॉगिन करणे सक्तीचे केले. वापरणाऱ्यांची नाराजी वर्षानुवर्षे राहिली. २०२४ मध्ये आलेल्या नव्या एनव्हिडिया ॲपमध्ये ती सक्ती नाही.

कायदा आपल्या बाजूला काय देतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणाचा अधिकार हा मूलभूत अधिकार आहे. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत.

या कायद्यातील तीन गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात. पहिली, संमती स्वेच्छेने, नेमक्या कामासाठी आणि समजून दिलेली असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणे सोपे असावे. दुसरी, माहिती का घेतली जाते याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मागण्याचा पर्याय आपल्याला मिळायला हवा. त्या भाषांत मराठी आहे आणि उर्दूही आहे. तिसरी, अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवण्यास मनाई आहे. मोठ्या कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

घरात काय करावे?

• नवा प्रिंटर किंवा दुसरे काही बसवताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत जाऊ नका. ‘कस्टम’ असा पर्याय दिसला तर तो निवडा आणि फक्त ड्रायव्हर घ्या. ‘इम्प्रूव्हमेंट प्रोग्राम’ किंवा ‘एक्स्पिरियन्स प्रोग्राम’ असे शब्द दिसले की तिथली टिक काढा. त्याने यंत्राचे काम अडत नाही.

• विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक येथे जा. तेथील ऐच्छिक माहिती पाठवण्याचे बटण बंद करा.

• ड्रायव्हर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा विंडोज अपडेटमधूनच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर फुकट अपडेट करून देतो’ म्हणणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा.

• घाबरून अपडेट बंद करू नका. वर सांगितलेल्या दोषांची दुरुस्ती अपडेटमधूनच आली होती.

• जुना लॅपटॉप विकण्याआधी आपल्या फाइली दुसरीकडे काढून घ्या आणि डिस्क पूर्ण साफ करून घ्या.

अमानत आपल्या हातातही आहे

आपल्या समाजातील कितीतरी तरुण संगणक दुरुस्तीची, झेरॉक्सची, ऑनलाइन फॉर्म भरण्याची दुकाने चालवतात. लोक त्यांच्याकडे आधार कार्ड, पासपोर्ट, बायकामुलांचे फोटो निर्धास्तपणे सोडून जातात. ही अमानत आहे. काम झाल्यावर त्या फाइली पुसून टाकणे, दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपमधील फोटोंचे फोल्डर न उघडणे, ग्राहकाला विचारल्याशिवाय जादा प्रोग्राम न टाकणे, हे दुकानदाराचे इमान आहे. असा दुकानदार गिऱ्हाईकही टिकवतो.

घरातही तेच. नवऱ्याने बायकोच्या, सासूने सुनेच्या, भावाने बहिणीच्या मोबाइलमध्ये न विचारता डोकावणे ही टोहच आहे. लहान मुलांकडे लक्ष ठेवणे ही आई-वडिलांची जबाबदारी आहे, पण तीही मुलांना सांगून, समजावून पार पाडावी. जी परवानगी आपण कंपन्यांकडून मागतो, ती घरच्या माणसांनाही देऊ या.

अल्लाह आपल्या घरांचा पडदा राखो आणि दुसऱ्यांचा पडदा राखण्याची तौफीक आपल्याला देवो. आमीन.