अश्ववर्णांचीं नांवें व पोथ्यांचे पाठ

जुन्या पोथ्यांत व चित्रांत घोडा आला कीं त्याचा रंगहि बहुधा येतोच. वाचक तो अलंकार समजून पुढें जातात. आणि रंगाचें नांव अपरिचित वाटलें तर संपादक तें ‘शुद्ध’ करून टाकतात. ह्या दोन्ही संवयींनीं इतिहासाचें नुकसान होतें. अश्ववर्णाचें नांव हें घोडा कोणाच्या हातून व कोणत्या भाषेबरोबर आला ह्याविषयींचें एक साधन आहे, आणि तें साधन सर्वस्वीं पोथीच्या पाठावर अवलंबून आहे, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम अतिप्राचीन नांवें पाहूं. वैदिक निघंटूच्या पहिल्या अध्यायांत देवांच्या वाहनांची यादी दिली आहे. इंद्राचे हरी, अग्नीचा रोहित, आदित्याचे हरित, सवित्याचे श्याव, मरुतांच्या पृषती, हीं सर्व नांवें वर्णावरून पडलेलीं व उघड उघड संस्कृत आहेत. महाभारताच्या द्रोणपर्वांत संजय पांडवपक्षाकडील वीरांचे घोडे ओळीनें वर्णितो. तेथें भीमाचे घोडे ऋश्य नामक हरिणाच्या रंगाचे, सात्यकीचे रुप्यासारखे, धृष्टद्युम्नाचे पारव्याच्या रंगाचे, युधिष्ठिराचे हस्तिदंती अंगाचे व काळ्या केसांचे, आणि नकुलाचे कांबोज घोडे पोपटाच्या पिसासारखे सांगितले आहेत. येथें रंग सांगण्याची रीत उपमेची आहे. पारिभाषिक संज्ञा अद्याप नाहींत.

पोपटाच्या रंगाचा घोडा वाचून कोणी हंसेल. परंतु घोड्याच्या रंगाची भाषा इतर व्यवहाराहून निराळी असते. मराठींत रूढ झालेला ‘सबजा’ हा शब्द फारशी असून त्याचा मूळ अर्थ हिरवा असा आहे. तरी सबजा घोडा म्हणजे करड्या-पांढऱ्या अंगाचा घोडा. ‘निळा’ घोडाहि आकाशाच्या रंगाचा नसतो. तेव्हां विलक्षण रंग दिसला कीं ती कविकल्पना, हा न्याय उतावीळपणाचा होय.

चित्रांच्या बाबतींत असाच एक वाद अलीकडे बराचसा मिटला. फ्रान्स देशांतील पेश-मेर्ल ह्या गुहेंत सुमारें २५,००० वर्षांपूर्वींचे ठिपकेदार घोडे रंगविलेले आहेत. ते ठिपके केवळ सांकेतिक, असें पुष्कळांचें मत होतें. २०११ सालीं ३१ प्राचीन घोड्यांच्या अस्थिदंतांतील आनुवंशिक द्रव्याची परीक्षा प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं सहा घोड्यांत ठिपक्यांचें बीज आढळलें. म्हणजे चित्रकारानें पाहिलेला घोडाच काढला असावा, हा पक्ष बळावला. मात्र उलट सावधगिरीहि हवी. मोगली चित्रांतील पुष्कळ घोड्यांचे पाय व पोटाची खालची बाजू तांबूस दिसते. तो जन्मवर्ण नसून मेंदीचा रंग होय.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. बाराव्या शतकांत गुजराथेंत अणहिलपाटण येथें आचार्य हेमचंद्रानें ‘अभिधानचिंतामणि’ हा कोश रचिला. त्याच्या तिर्यक्कांडांत अश्ववर्णांची यादी आहे, आणि ती वाचतांच संस्कृतज्ञ थबकतो. कोकाह म्हणजे पांढरा, सेराह दुधासारखा, खुंगाह काळा, कियाह तांबडा, सुरूहक गाढवाच्या रंगाचा, वोरुखान पाटलवर्णाचा, हलाह चित्रविचित्र. ‘शोण’, ‘नीलक’ अशीं कांहीं घरचीं नांवें त्यांत आहेत. पण ‘-आह’ ह्या शेवटाचा जो मोठा समूह आहे तो पाणिनीच्या घरचा खास नव्हे.

शब्द परके असले तरी निरीक्षण पक्कें आहे. वोल्लाह हा कपिल अंगाचा पण फिकट आयाळ-शेपटीचा. उराह किंचित् पांढुरका पण काळ्या पोटऱ्यांचा. कुलाह किंचित् पिवळा पण गुडघ्यांशीं काळा. अंग एका रंगाचें व केस किंवा पाय दुसऱ्या रंगाचे, असे घोडे आजहि सर्वत्र दिसतात. हा भेद तबेल्यांत वावरणाऱ्यासच सुचेल.

हेमचंद्रानें स्वतःच्या टीकेंत ह्या शब्दांच्या व्युत्पत्त्या दिल्या आहेत. वोरुखान म्हणजे वैऱ्यांना खणून काढणारा, असा त्यांचा मासला आहे. परंतु तो भोळा नव्हता. हे शब्द बहुतेक देशी आहेत व व्युत्पत्ति केवळ अक्षरांचा क्रम निश्चित व्हावा म्हणून दिली आहे, असें तो तेथेंच स्पष्ट सांगतो. अर्थात् लेखकूंच्या हातून हे शब्द बिघडतील हें त्यानें ओळखलें होतें.

हे शब्द आले कोठून? अश्वव्यापारांतून, हें उघड आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांतहि (सुमारें इ. स. ११३०) अश्वप्रकरण आहे, हेमचंद्र व सोमेश्वर ह्यांच्याकडील अश्वनामांकडे कै. परशुराम कृष्ण गोडे ह्यांनीं अभ्यासकांचें लक्ष वेधिलें होतें. एक ग्रंथ गुजराथचा, दुसरा दक्षिणेचा. दोन्ही प्रांतांचीं बंदरें अरबी समुद्रावर. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याविषयीं लिहितो कीं, चांचे लोकांनीं समुद्रावर धरलेले घोडे तेथील राजास द्यावे असा करारच होता. घोड्याबरोबर व्यापाऱ्याची भाषा आली. पुढें हाच क्रम पुन्हां घडला: अबलख, कुमाईत हे अरबी आणि समंद, मुश्की, सबजा हे फारशी शब्द आपल्याकडे रुळले. अकबराच्या दागपद्धतींत घोड्याचा वर्ण व खुणा दप्तरांत नोंदवीत, ते बदलीचा घोडा पुढें करून कोणीं सरकारास फसवूं नये म्हणून. अशा दप्तरांत रंगाचें नांव ही घोड्याची ओळखच असे.

ह्यावरून हस्तलिखितांच्या संग्राहकांस व संपादकांस एक विनंती करावीशी वाटते. हेमचंद्राच्या यादींत ‘खोंगाह’ म्हणजे पांढरट-पिंगट आणि ‘खुंगाह’ म्हणजे काळा. एका मात्रेनें पांढरट घोडा काळा होतो! ‘कियाह’ व ‘क्रियाह’ असे दोन्ही पाठ आढळतात. त्यांतील दुसरा संस्कृताच्या ओढीनें झालेला असण्याचा संभव अधिक. म्हणून शालिहोत्र, अश्ववैद्यक किंवा कोश ह्यांची पोथी हातीं आली असतां वर्णनामें अक्षरशः उतरून घ्यावीं, व-ब ह्यांचा भेद राखावा, समासांतील टिपा सोडूं नयेत, आणि ओबडधोबड दिसणारा पाठ सोज्ज्वळ पाठापेक्षां आधीं तपासावा. ज्या नांवाचा अर्थ आज लागत नाहीं तेंच उद्यां एखाद्या बंदराचा किंवा व्यापारी जातीचा पत्ता देईल. तें एकदां सुधारून छापलें कीं तो पत्ता कायमचा पुसला जातो.