धुराड्याभोवतीचे 25 किलोमीटर

एव्हरेस्टची उंची मोजणारे खाते साखर कारखान्यांमधले अंतरही मोजते. 1767 पासून चालत आलेला भारतीय सर्वेक्षण विभाग धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या माळरानावर येतो, नव्या कारखान्याची जागा पाहतो आणि शेजारचे धुराडे तिथून किती लांब आहे याचा दाखला देतो. रस्त्याने किती पडते हे कोणी विचारत नाही. मोजायचे ते पाखरू उडेल तसे, सरळ रेषेत. अंतर 25 किलोमीटर भरले तर फाइल पुढे सरकते, नाही तर तिथेच थांबते.

ही अट जिल्ह्याच्या नकाशावर दिसत नाही. तरी कोणत्या शिवारातल्या उसाला किती गिऱ्हाइके मिळतील, हे तीच ठरवते.

वर्तुळ कसे मोठे झाले

1998 मध्ये केंद्र सरकारने साखर उद्योग परवानामुक्त केला, पण दोन कारखान्यांत 15 किलोमीटर अंतर हवे ही अट ठेवली. 2006 मध्ये ती ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 मध्येच घातली गेली. राज्याला वाटल्यास केंद्राच्या संमतीने अंतर वाढवण्याची मुभाही त्यात होती. महाराष्ट्राने ती वापरली आणि 2011 मध्ये अंतर 25 किलोमीटर केले.

ऐकायला ही वाढ दहाच किलोमीटरची आहे. पण वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढते. 15 किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे 707 चौरस किलोमीटर जमीन येते, तर 25 किलोमीटरच्या वर्तुळात 1,963. धाराशिव जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे एकेका कारखान्याभोवतीचे कवच जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याएवढे झाले. आधीपासून जवळजवळ उभ्या असलेल्या कारखान्यांना याची झळ नाही. अट आडवी येते ती नव्याने येणाऱ्याला.

उमरगा तालुक्याची गंमत तर आणखी वेगळी. सीमेपलीकडे कर्नाटकात काळी माती तीच आणि ऊसही तोच, पण तिथे अंतर 15 किलोमीटरचे. माती बदलत नाही, राजपत्र बदलते.

अट हवी म्हणणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. कारखाना दिवसरात्र चालवायचा तर ऊस पुरला पाहिजे. उसाची पळवापळवी सुरू झाली की हंगाम अर्ध्यावर मोडतो, कर्ज थकते आणि सभासदाचे भागभांडवल बुडते. विरोधकांचा सवालही तितकाच रोकडा आहे: झोनबंदी उठवून शेतकऱ्याला कुठेही ऊस घालायची मोकळीक दिली, पण नवा घेणारा येऊ दिला नाही, तर त्या मोकळिकीचे करायचे काय? झोनबंदीविरुद्ध शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने दिलेल्या लढ्याचा हा उरलेला अर्धा भाग आहे. 2012 मध्ये सी. रंगराजन यांच्या समितीने अंतराची अटच काढून टाकावी अशी शिफारस केली होती.

अमेरिकेतही साखरच

अंतराच्या अटीसारखे नियम घडतात तेव्हा उद्योगाचे वजनही पाहावे लागते. उद्योगाने कायद्यावर वजन टाकण्याचे उदाहरण म्हणून जगभर अमेरिकेकडे बोट दाखवले जाते, आणि तिथेही साखर पुढच्याच रांगेत आहे. आयातीवरील कोटा आणि सरकारी कर्जयोजना यांच्या जोरावर तिथले साखरेचे भाव जागतिक भावापेक्षा चढे ठेवले जातात. मिनेसोटा राज्यातली ‘अमेरिकन क्रिस्टल शुगर’ ही तर आपल्यासारखीच सहकारी संस्था. 1973 मध्ये बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी ती कंपनी विकत घेतली. तिची राजकीय कृती समिती शेतीक्षेत्रातल्या मोठ्या देणगीदारांत गणली जाते.

अमेरिकेत 1907 च्या कायद्याने कंपन्यांना संघराज्यीय निवडणुकीतल्या उमेदवारांना थेट पैसे देण्यास बंदी आहे. पण 2010 मध्ये ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की कंपन्या स्वतंत्रपणे प्रचारावर हवा तेवढा खर्च करू शकतात. हा प्रश्न आपल्याकडे खूप आधी आला होता. 1957 मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून मुंबई उच्च न्यायालयाकडे परवानगी मागितली. ती देतानाच मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी यात लोकशाहीला धोका असल्याचे बजावले होते. फेब्रुवारी 2024 मध्ये निवडणूक रोखे रद्द झाले, तेव्हा सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या घटनापीठासमोरही मूळ प्रश्न तोच होता.

चेअरमन आणि आमदार

धाराशिवची रीत मात्र निराळी. अमेरिकेत पैसा विधिमंडळाच्या दाराशी जाऊन उभा राहतो. इथे कारखानाच आमदार घडवतो.

याचे कारण सहकार कायद्यात दडले आहे. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. त्यामुळे चेअरमन व्हायचे तर भांडवलापेक्षा माणसे बांधावी लागतात. गावोगाव गट, प्रत्येक गटाचा संचालक, त्याच्या हाताखाली ऊस नोंद घेणारा चिटबॉय आणि तोडीची टोळी. तोड वेळेवर आली तर घर तरते, लांबली तर वजन घटते. अशा बांधलेल्या माणसांचा प्रदेश आणि विधानसभेचा मतदारसंघ बराचसा एकच निघतो. मग कारखान्याची निवडणूक ही विधानसभेची रंगीत तालीम ठरते.

ढोकीच्या तेरणा कारखान्याशी डॉ. पद्मसिंह पाटील यांचे नाव जोडले गेले, मुरूमच्या विठ्ठलसाईशी बसवराज पाटील यांचे. दोघेही राज्यात मंत्री झाले. परवानामुक्तीनंतर खासगी कारखाने आले. कळंब तालुक्यात रांजणीला बी. बी. ठोंबरे यांनी ‘नॅचरल शुगर’ उभा केला, तर परांडा तालुक्यात सोनारीला तानाजी सावंत यांचा ‘भैरवनाथ शुगर’ आला. सावंत पुढे परांड्याचे आमदार आणि आरोग्यमंत्री झाले. बंद पडलेला तेरणाही नंतर भाडेतत्त्वावर भैरवनाथकडेच गेला. मालकीचा कायदा बदलला, तरी कारखाना आणि मंत्रालय यांच्यातली वाट मळलेलीच राहिली.

चौदा दिवसांचा हिशेब

ही वाट एकाच दिशेने जात नाही, हे उसाच्या बिलावरून दिसते. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, शेतकऱ्याच्या खात्यात पडला पाहिजे. उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. तरीही पैसे थकवले, तर पुण्याचे साखर आयुक्त जप्तीचे प्रमाणपत्र काढतात आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करण्याचे काम जिल्हाधिकाऱ्याकडे येते.

21 फेब्रुवारी 2022 रोजी राज्य सरकारने शासन निर्णय काढला: एफआरपी दोन हप्त्यांत दिली तरी चालेल. दुसरा हप्ता हंगाम संपून अंतिम उतारा ठरल्यावर. कारखान्यांना यातून उसंत मिळणार होती, पण वाट पाहायची होती ती शेतकऱ्याने. शेतकरी नेते राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. केंद्राच्या ऊस (नियंत्रण) आदेशातले 14 दिवस राज्याला एका कागदाने लांबवता आले नाहीत.

दोन कागद

या कथेत एक पक्षकार असा आहे, ज्याला ना गट ना मत: पाणी. धाराशिव हा अवर्षणप्रवण जिल्हा. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 1982 पर्यंत लातूर याच जिल्ह्याचा भाग होते. 2019 मध्ये विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी मराठवाड्यात ऊस लागवडीवर बंदी घालावी अशी शिफारस सरकारकडे पाठवली.

एकाच जमिनीबद्दलचे हे दोन कागद शेजारी ठेवून पाहावेत. 2011 चा 25 किलोमीटरच्या अटीचा कागद कारखान्यांना ऊस पुरावा म्हणून काढलेला, 2019 चा माणसांना पाणी पुरावे म्हणून लिहिलेला. पहिला राजपत्रात छापला गेला. दुसरा अहवालातच राहिला.