कण्याची शस्त्रक्रिया : पूर्वतयारी आणि रुग्णाची भाषा

कंबरदुखीवरील इतर उपचार निष्फळ ठरून शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाला, की पूर्वतयारी ह्या शब्दाने रक्ततपासणी, छायाचित्रे, पैशाची जुळवाजुळव आणि सोबतीला राहणाऱ्या माणसाची सोय एवढ्याच गोष्टींचा बोध सामान्यतः होतो. ह्या तयारीचा एक भाग मात्र सर्वस्वी भाषिक आहे. आपले दुखणे रुग्ण कोणत्या शब्दांत सांगतो आणि वैद्याने सांगितलेले कोणत्या अर्थाने घेतो, ह्यावर शस्त्रक्रिया करावी की नाही आणि केल्यास तिच्यापासून काय लाभेल, हे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

१९३४ साली बोस्टन येथील मिक्स्टर आणि बार ह्या दोघा शल्यचिकित्सकांनी, दोन मणक्यांमधील चकती फुटून तिचा भाग मज्जातंतूच्या मुळावर दाब देतो आणि त्यामुळे पायात कळ उतरते, हे दाखवून दिले. चकतीच्या शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास तेथून सुरू होतो. ह्या शोधाच्या स्वरूपातच त्या शस्त्रक्रियेची मर्यादाही आहे. ती मुख्यतः दाबलेले मूळ मोकळे करते. म्हणून पायातील वेदनेवर तिचा जेवढा भरवसा धरता येतो, तेवढा निव्वळ कंबरेच्या वेदनेवर धरता येत नाही. तेव्हा दुखणे कंबरेचे अधिक की पायाचे, हा पहिला प्रश्न होय. आणि नेमक्या ह्याच ठिकाणी मराठी रुग्णाची भाषा त्याला दगा देण्याचा संभव असतो. ‘पाय’ हा शब्द मांडीच्या मुळापासून बोटांपर्यंतच्या सबंध अवयवाला लागतो आणि केवळ पावलालाही लागतो. ‘कंबर’ हा शब्द तर त्याहून सैल आहे. कुल्ल्याचा उच्चार करणे अवघड वाटल्यामुळे अनेक जण, विशेषतः स्त्रिया, तेथील वेदनेलाही कंबरच म्हणतात. ‘कंबर आणि पाय दुखतो’ ह्या वाक्यातून वैद्याच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही.

यंत्राने काढलेल्या चित्रात सर्व काही दिसतेच, मग शब्दांची एवढी मातब्बरी कशाला, असा आक्षेप येथे संभवतो. ह्या आक्षेपाला १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने उत्तर दिलेले आहे. कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींच्या कण्याचे एम. आर. आय. चित्र घेतले असता त्यांतील ५२ टक्के व्यक्तींच्या किमान एका चकतीला फुगवटा आढळला. चित्रात दिसणारा दोष हाच दुखण्याचे कारण आहे, हे चित्र स्वतः सांगू शकत नाही. वेदनेची वाट आणि चित्रातील जागा ह्यांचा मेळ बसावा लागतो, आणि तपासणीचा हात नेमका कोठे न्यावयाचा हेही रुग्णाच्या शब्दांवरूनच ठरते.

ही वाट सांगण्याची सामग्री मराठीत विपुल आहे. ती वापरली जात नाही एवढेच. ‘-पासून’, ‘-तून’ आणि ‘-पर्यंत’ ही शब्दयोगी व प्रत्ययरूपे येथे निदानाची साधने ठरतात. ‘कुल्ल्यापासून मांडीच्या मागून पोटरीत उतरते आणि करंगळीपर्यंत मुंग्या येतात’ असे म्हणणाऱ्याने पहिल्या त्रिकास्थि-मुळाकडे बोट दाखविलेले असते. मुंग्या अंगठ्याकडे जात असतील तर संशय पाचव्या कटि-मुळावर जातो. चरकसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणी गृध्रसीचे लक्षण देताना अवयव ह्याच पद्धतीने, कुल्ल्यापासून पावलापर्यंत क्रमवार सांगितले आहेत. क्रम हेच तेथे लक्षण आहे. क्रियापदांचेही असेच आहे. चमक निघते, कळ येते, ठणका लागतो, आग होते, पाय बधिर होतो, पाय भरून येतो : ही एकमेकांचे पर्याय नव्हेत. बसल्यावर आणि खोकताना वाढणारी कळ बहुधा चकतीची असते. उलट, थोडे चालल्यावर पाय भरून येणे आणि वाकून उभे राहताच किंवा बसताच मोकळे होणे, हे मज्जारज्जूच्या नळीचा खालचा भाग अरुंद झाल्याचे सुचविते. त्यावरील शस्त्रक्रिया निराळी. वेदनेच्या शब्दांचे वर्गीकरण करून रोनाल्ड मेल्झॅक ह्यांनी १९७५ साली मॅक्‌गिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत. ते इंग्रजी शब्दांचे वर्गीकरण आहे. त्याचे मराठी भाषांतर करण्यापेक्षा मराठी क्रियापदांचे स्वतंत्र वर्गीकरण होणे अधिक उपयुक्त ठरेल.

रूढ रूपके मात्र उपकारक नाहीत. ‘मणक्यात गॅप आली’ हा प्रयोग आता खेड्यापाड्यांत रुळला आहे. वस्तुस्थिती बहुतेक वेळा नेमकी उलट असते : चकती झिजल्याने दोन मणक्यांमधील अंतर वाढत नाही, कमी होते. ‘गॅप’ म्हटले की ती भरावयाची, असा अर्थ मनात येतो, आणि शस्त्रक्रियेत काहीतरी भरले जाईल अशी समजूत होते. ‘गादी सरकली’ हे दुसरे रूपक. सरकलेली गादी पुन्हा जागेवर बसविता येते. परंतु चकती सबंध सरकत नाही, तिचे बाहेरचे कडे फाटून आतील मऊ भाग बाहेर येतो, आणि शस्त्रक्रियेत तो परत बसवीत नाहीत, काढून टाकतात. ही समजूत शस्त्रक्रियेपूर्वी दुरुस्त झाली नाही, तर नंतर ‘गादी बसवलीच नाही’ अशी तक्रार उरते.

‘सगळे करून पाहिले’ ह्या वाक्यावर अनेक शस्त्रक्रियांचा निर्णय उभा असतो. ह्या ‘सगळे’मध्ये काय काय आले, हे लिहून नेणे आवश्यक होय : कोणती औषधे, किती आठवडे, व्यायाम कोणी शिकविले आणि किती दिवस केले, इंजेक्शन कोठे दिले आणि त्याने किती काळ आराम पडला. चार दिवस केलेला व्यायाम निष्फळ ठरला असे म्हणता येत नाही; तो झालेलाच नसतो. नेदरलंड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहा ते बारा आठवडे पायात तीव्र कळ असलेल्या २८३ रुग्णांचे दोन गट केले होते. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला. वर्षअखेर मात्र दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती, जरी थांबलेल्या गटातील ३९ टक्के लोकांना मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणजे पायाची शक्ती जात नसेल तर थांबण्यात बहुधा कायमची हानी नाही, आणि वेदना असह्य असेल तर शस्त्रक्रिया करण्यात उतावीळपणाही नाही.

थांबणे चालणार नाही असाही एक प्रसंग आहे, आणि तेथे लाज आड येते. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचाची जाणीव जाणे, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरता येणे, ही कण्याच्या खालच्या टोकाशी असलेला मज्जातंतूंचा झुबकाच दाबला गेल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी तासांचा हिशेब असतो. ‘खाली बधिर वाटते’ एवढेच पुटपुटून भागत नाही. आणि विचारणाऱ्यानेही ‘इतर काही त्रास?’ असे मोघम विचारून चालत नाही.

प्रत्यक्ष सूचनांतही शब्द फसवितात. ‘उपाशी या’ ह्याचा अर्थ काही जण ‘उपवास धरा’ असा करतात, आणि उपवासाला दुधाचा चहा चालतो. भुलेपूर्वी मात्र दूध हे अन्नच समजले जाते : हलके अन्न व दूध सहा तास आधी बंद, स्वच्छ पाणी सर्वसाधारणपणे दोन तास आधीपर्यंत. ‘तंबाखू खाता का?’ ह्या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. मिश्रीतही निकोटिन असते आणि निकोटिनमुळे जखम भरण्यास, मणके जोडले असल्यास ते सांधण्यास, अडथळा येतो. ‘औषधे’ म्हटले की काढे, चूर्णे व रक्त पातळ करणारी रोजची छोटी गोळी आठवत नाही. ही गोळी केव्हा बंद करावयाची, की करावयाचीच नाही, हे तर वैद्यानेच ठरवावयाचे असते. खांदे आणि कंबर एकदमच वळवून कूस पालटण्याचा सराव मात्र आधी घरी करावा. शस्त्रक्रियेनंतर गुंगीत तोंडी सांगितलेले अंगी उतरत नाही.

राहिला संमतीचा प्रश्न. बोलीत त्याला ‘सही’ म्हणतात, आणि ती पुष्कळदा मुलगा किंवा नवरा करतो. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली स्पष्ट केले, की उपचाराचे स्वरूप व हेतू, पर्याय, मोठे धोके आणि नकार दिल्यास होणारे परिणाम रुग्णाला समजले पाहिजेत, आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या सज्ञान रुग्णाच्या वतीने, जिवाला तातडीचा धोका नसताना, आईची संमतीही पुरत नाही. सहीपूर्वी विचारावयाच्या प्रश्नांत ‘मी बरा होईन का?’ हा सर्वांत निरुपयोगी, कारण ‘बरे’ ह्या शब्दाची व्याप्ती दोघांच्या मनात निराळी असते. पायातील कळ जाईल का, बधिरपणा किती उरेल, कंबरेच्या दुखण्यात किती फरक पडेल, पुन्हा चकती फुटण्याचा संभव किती, जमिनीवर मांडी घालून केव्हा बसता येईल, शेतातले ओझे केव्हा उचलता येईल, असे तुकडे पाडून विचारले, तर उत्तरेही तुकड्यातुकड्याने मिळतात, आणि त्यांपैकी काहींचे उत्तर ‘नाही’ असे असते.