काळ्या झग्यातलं वारं

"उन्हात काळा शर्ट घालू नकोस, भाजून निघशील!" घरातल्या मोठ्यांचं हे म्हणणं अगदी बरोबर. काळा रंग ऊन शोषून घेतो, पांढरा ते परत फेकतो. मग दोस्तांनो, येमेनच्या हद्रामौत भागातल्या बायका रणरणत्या उन्हात शेळ्या चारायला निघतात, त्या नखशिखान्त काळ्या कपड्यांत कशा? डोक्यावर खजुराच्या पात्यांची उंच, निमुळती टोपी आणि अंगात घोळदार काळा झगा!

वाळवंटातल्या काळ्या झग्याचं हे कोडं काही शास्त्रज्ञांनाही पडलं. त्यांनी इस्रायलमधल्या नेगेव्हच्या वाळवंटात भर दुपारी एका माणसाला उभं केलं. कधी त्याच्या अंगात वाळवंटातल्या भटक्या बेदुइन लोकांचा काळा झगा, कधी तसाच पांढरा. 1980 साली 'नेचर' या नियतकालिकात निकाल छापून आला. काळा झगा जास्त तापला होता, पण आतल्या माणसाला मिळालेली उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच! असं कसं? झगा ढगळ असतो. कापड आणि त्वचा यांच्यामध्ये हवा खेळते. कापडाची उष्णता ती हवा घेते आणि अंगापर्यंत पोचण्याआधीच बाहेर घेऊन जाते. सगळी करामत ढगळपणाची. हाच काळा रंग घट्ट टी-शर्टचा असता, तर घरच्यांचंच खरं ठरलं असतं.

अरबस्तानात सगळे एकाच तऱ्हेचा झगा घालतात, असं मात्र समजू नका हं. सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्येला असीरचे डोंगर आहेत, जवळजवळ 3000 मीटर उंच. तिथल्या काही टोळ्यांतले पुरुष डोक्यावर फुलांचे आणि सुवासिक पाल्याचे मुकुट घालतात. पूर्वेला इराणच्या आखाताच्या काठी बायकांचा सणासुदीचा पोशाख म्हणजे 'थोब अल-नशल'. झिरझिरीत कापडावर सोनेरी जर, आणि बाह्या इतक्या रुंद की ओढून डोक्यावर पदरासारख्या घेता येतात! यासाठी लागणारं कापड आणि जर पूर्वी भारतातूनही गलबतांनी जायची.

पश्चिमेकडच्या हिजाझमधल्या बेदुइन बायकांच्या बुरख्यांवर मणी, शिंपल्याची बटणं आणि चांदीची नाणीही शिवलेली दिसतात. दागिना आणि बचत, दोन्ही एकाच ठिकाणी. अरबस्तानात फार चाललेलं एक नाणं होतं ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा हिच्या छापाचं. त्यावर साल असतं 1780. म्हणून ते शिवलेला बुरखा 1780 चा म्हणायचा का? छे! लोकांचा त्या ओळखीच्या छापावर इतका विश्वास होता, की पुढेही कित्येक वर्षं तेच साल घालून नाणी पाडली जात राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर ती आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडली गेली. जुन्या पोशाखाचं वय ठरवणाऱ्या अभ्यासकांना किती सावध राहावं लागत असेल बघा.

असे पोशाख सांभाळायचे म्हणजे शत्रू पुष्कळ. लोकरीवर कसर टपलेली. जरीतल्या चांदीला हवेतले गंधकयुक्त वायू काळं करतात. भरजरी झगा हँगरला टांगला, तर स्वतःच्याच वजनाने खांद्यावर फाटतो. म्हणून संग्रहालयात तो आडवा ठेवतात आणि घडीत आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या घालतात, म्हणजे कापड मोडत नाही. कसर लागलेलं कापड पिशवीत बंद करून चक्क गोठवतात! सगळ्यात लबाड शत्रू मात्र उजेड. तो रंगाचे रेणू तोडतो, आणि उडालेला रंग पुन्हा येत नाही. म्हणून पोशाखांच्या दालनात प्रकाश फार तर 50 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ठेवतात. स्वच्छ उन्हात तो एक लाखाच्या आसपास असतो.

पण समजा, झगा नीट राहिला आणि त्याचं विणकाम-भरतकाम येणारं कुणी उरलंच नाही, तर? म्हणून पोशाखांबरोबर ती कलाही जपायला हवी. 1999 मध्ये काही सौदी महिलांनी 'मन्सूजात' ही संस्था स्थापन केली. अरबस्तानातले निरनिराळ्या भागांचे आणि टोळ्यांचे पोशाख जपणं, त्यांचा अभ्यास करणं हे तिचं काम. संयुक्त अरब अमिरातीत बेदुइन बायका जमिनीवरच्या मागावर मेंढी, शेळी आणि उंटाच्या लोकरीचं 'सदू' विणतात. 2011 मध्ये युनेस्कोने हे विणकाम तातडीने वाचवायच्या कलांच्या यादीत घातलं. तिथलीच 'तल्ली' ही वेणीकामाची कलाही 2022 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. धातूच्या स्टँडवर एक उशी ठेवायची, तिच्यावर धागे अडकवायचे आणि चमकत्या पट्टीबरोबर त्यांची बारीक वेणी गुंफत जायची. मग ही वेणी झग्याच्या गळ्यावर आणि बाह्यांवर शिवतात. हे पुस्तक वाचून जमत नाही. शेजारी बसून, बोटं पाहत शिकावं लागतं.

करून पाहा : गडद रंगाच्या सुती कापडाचा एक तुकडा घ्या. अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि तुकडा उन्हाच्या खिडकीत ठेवा. महिन्याभराने पुठ्ठा काढा आणि दोन्ही भाग शेजारी-शेजारी पाहा. मग वेगवेगळ्या रंगांची कापडं घेऊन हाच प्रयोग करा. सगळ्यात आधी कोणता रंग हरतो, ते वहीत तारखेसह लिहून ठेवा.