हाताला कशाला सोनोग्राफी?

"भाऊ, माझा हात मोडलाय. मग सोनोग्राफी कशाला?"

सीबीडी बेलापूरला धुणीभांडी करणाऱ्या आमच्या वस्तीतील एका मावशींचा हा प्रश्न. स्टेशनच्या जिन्यावरून पडून मनगट मोडलेले, त्यात दम्याचा जुना त्रास. पूर्ण भूल दिली तर आपण उठणारच नाही, या धास्तीने त्या सही करायला तयार नव्हत्या. आम्ही पडलो कारकून. उत्तर आम्हालाही ठाऊक नव्हते. म्हणून भूलतज्ज्ञ बाईंनाच विचारले.

त्यांनी सांगितले ते असे. हातातील वेदना मेंदूकडे नेणारे मज्जातंतू, म्हणजे आपण ज्यांना नसा म्हणतो त्या, मानेतून निघून काखेतून हातात उतरतात. वाटेत त्यांच्याभोवती औषध सोडले की तेवढा हात काही तास बधिर होतो. माणूस जागा राहतो. मानेजवळ इंजेक्शन दिले तर श्वासाचा पडदा काही काळ मंदावू शकतो. म्हणून मावशींना ते काखेत द्यायचे ठरले.

ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. पण पूर्वी कारभार अंदाजाचा होता. नाडी चाचपून सुई घालायची आणि झिणझिण्या आल्या का, ते रुग्णाला विचारायचे. १९९४ साली व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत पाहत असे इंजेक्शन दिल्याचे प्रसिद्ध केले. पडद्यावर रक्तवाहिनी काळी दिसते, नस मधाच्या पोळ्यासारखी, सुई चकाकत्या रेघेसारखी.

मात्र यंत्र आले म्हणजे विद्या आली नाही. एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षे एम.डी. करावी लागते. आधी शरीररचना घोटायची, एकमेकांच्या हातावर यंत्र फिरवून नसा ओळखायच्या, मांसाच्या तुकड्यात सुई घालून सराव करायचा. मगच वरिष्ठांसमोर रुग्णाला हात लावायचा. टोक दिसत नसताना सुई पुढे ढकलणे, ही नवशिक्यांची हमखास चूक. औषध रक्तवाहिनीत गेले तर झटके येतात, हृदयही थांबू शकते. टोक दिसेना, तर हात थांबवायचा! धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे या आणि पाहा. त्याचा अर्थ आम्हाला तिथे नव्याने उमगला.

याच सोनोग्राफीने आपल्या देशात गर्भातल्या लेकी हुडकून मारल्या, हेही विसरता येत नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, संसदेने १९९४ साली. त्यामुळे भूलतज्ज्ञाच्या यंत्रालाही नोंदणी लागते.

मावशींचे ऑपरेशन जागेपणी झाले. हात बधिर असेपर्यंत तो झोळीत ठेवा, गरम भांड्याला लावू नका, असे त्यांना बजावले होते. रात्री बोटे हलली, तेव्हा त्यांना रडू आले. याच हातावर त्यांचे घर चालते.

बंधू-भगिनींनो, प्रत्येक ऑपरेशनला ही पद्धत चालत नाही आणि प्रत्येक दवाखान्यात ती मिळतही नाही. पण सही करण्यापूर्वी भूलतज्ज्ञाला भेटा. दमा, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधाची ॲलर्जी, काहीही लपवू नका. "फक्त हात बधिर करता येईल का?" असे जरूर विचारा. विचारण्यात कसला कमीपणा?

आणि मुलगी विज्ञान शाखेला जाते म्हणाली, तर तिला अडवू नका. उद्या पडद्यावर नस शोधणारा हात आपल्या वस्तीतल्या लेकीचा असावा, एवढीच आमची इच्छा.

जयभीम!