डिफरन्शियल गळतोय? सील बदलण्याआधी ब्रीदर बघा

डिचोली : पाऊस ओसरला की बोलेरो, पिकअपच्या मागच्या हाऊसिंगखाली काळपट तेलाचे डाग दिसू लागतात. इंजिन ऑइल असेल म्हणून सोडून देऊ नका. बोटाला लावून वास घ्या. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल, म्हणजे डिफरन्शियलचं सील गेलंय.

सील काही शे रुपयांत मिळतं. तेल संपून क्राऊन-पिनियन खाल्लं गेलं तर खर्च हजारांत जातो.

पण नवं सील घालूनही महिन्याभरात परत गळतं, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. कारण बहुतेकदा ब्रीदर. हाऊसिंगवरची ही बारकी टोपी आतली गरम हवा बाहेर सोडते. इथल्या तांबड्या चिखलानं ती बुजली की दाब वाढतो आणि तेल सीलमधून वाट काढतं. उलटंही होतं. तापलेलं हाऊसिंग पाण्यात बुडालं की झटकन थंड होऊन आत पाणी ओढतं. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीचं पाणी साळ, इब्रामपूरकडे घुसलं होतं. तशा पाण्यातून गाडी गेली असेल तर तेल काढून बघाच. दुधाळ दिसलं तर सगळं बदलायचं.

पुढचं, म्हणजे पिनियन सील घरी बदलता येतं. गाडी सपाट जागी, चाकांना ओट, खाली पक्के स्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नये. आधी भरायचा बोल्ट सुटतो का बघा, मगच तेल काढा. नाहीतर तेल खाली आणि नवं भरायची वाट बंद! प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी जोडावर खूण करा. पिनियनच्या नटवरही पंच मारून खूण हवी, आटे मोजून ठेवा. अनेक गाड्यांत हाच नट आतल्या बेअरिंगचा ताण ठरवतो. जोर लावून जास्त आवळला तर बेअरिंग जातं, म्हणून तो खुणेवरच आणायचा. नव्या सीलच्या ओठाला तेल लावून, स्प्रिंगची बाजू आत ठेवून, सगळीकडून सारखं ठोकत बसवा. शाफ्ट फिरतो तिथे खाच पडली असेल तर नवं सीलही टिकणार नाही.

चाकाकडचं सील मात्र वेगळं प्रकरण. तिथलं तेल ब्रेकच्या लायनरवर जातं. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलनं पुसून परत लावू नयेत, बदलावेत. चोर्ला घाट उतरायचा असेल तर हे अजिबात चालढकल करण्यासारखं नाही. बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवलेलं असेल तर प्रेस लागतो, सरळ गॅरेज गाठावं.

तेल गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच, भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. जुनं तेल व्हाळात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. अल्टो, स्विफ्टसारख्या गाड्यांना मागे डिफरन्शियलच नसतो. तो पुढे गिअरबॉक्समध्येच असतो, तिथलं गिअर ऑइल गळलं तर आधी पुढच्या ड्राईव्ह शाफ्टची सीलं बघावीत.